तसबीर मोठी, एक

१

मोहनरावांचा दिवस पाण्याच्या मापानं सुरू व्हायचा. नीरेच्या डाव्या कालव्यावर ते ओव्हरसियर होते. सकाळचा चहा घेण्याआधी कालव्याच्या मोरीपाशी जाऊन पाणी किती फूट, किती इंच आहे ते पाहून यायचं, ही त्यांची अकरा वर्षांची सवय. मोरीच्या दगडी भिंतीत पांढऱ्या-काळ्या आकड्यांची पट्टी बसवलेली होती, पण ती वाचायला मोहनरावांना थांबावं लागत नसे. सायकलवरून पुढं जाता जाता ते सांगत, आज अर्धा इंच कमी आहे, वरच्या अंगाला कोणीतरी चारी फोडलेली दिसतेय. आणि ते खरं निघे. घरातल्या रांजणाचं पाणीसुद्धा ते नजरेनंच मोजत. त्यांची बायको मंदाकिनी त्यावरून त्यांची थट्टा करी. म्हणे, "मी रडले तर तेसुद्धा इंचात सांगाल तुम्ही."

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात लासुर्ण्याजवळच्या त्यांच्या सरकारी घराचं छप्पर उतरवलं होतं. नवी कौलं चढेपर्यंत त्यांना कालव्याच्या बंगल्यात राहायची परवानगी मिळाली. दौऱ्यावर आलेले साहेब लोक उतरायचे तो हा बंगला. मध्ये मोठा हॉल, दोन्ही अंगांना एकेक खोली, पुढं फरसबंदीचा रुंद व्हरांडा. राखणीला कुंडलिक नावाचा पन्नाशीचा माणूस होता. तो आणि त्याची बायको ठमाबाई मागच्या आवारात राहत.

हॉलच्या आतल्या भिंतीवर एक तसबीर टांगलेली होती. पुरता चार हात रुंद कॅनव्हास, त्यावर तेलरंगात काढलेला कुठल्यातरी थंड मुलुखातला देखावा. डोंगरांच्या कुशीत एक तळं. डोंगरमाथ्यांवर बर्फ, वर शिशाच्या रंगाचे ढग, वाऱ्यानं एकाच अंगाला वाकलेली झाडं, आणि काळ्या पाण्यावर फेसाच्या रेघा. खाली, चौकटीला लागून, अलीकडच्या काठाचा चिखल दिसे आणि त्यातून पाण्यात गेलेली पाच लाकडी खुंटांची रांग. कधीकाळी तिथं होडीचा धक्का असावा. माणूस मात्र चित्रात कुठंच नव्हता.

ती कोणी आणली, कोणी काढली, कुणाला ठाऊक नव्हतं. बंगल्याच्या सामानाच्या यादीत खुर्च्या आणि कंदिलांच्या मधोमध एका ओळीत ती होती: 'तसबीर मोठी, एक.'

राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी मोहनरावांच्या नजरेनं आपलं काम करून टाकलं. चित्रातलं पाणी दुसऱ्या खुंटाच्या बुडाला लागलेलं होतं. काठाकडचा पहिला खुंट कोरड्यात होता. त्यांनी ते मुद्दाम पाहिलं नव्हतं, पण ते त्यांच्या डोक्यात राहिलं.

२

मंदाकिनी वाईकडची. घाटाखाली वाढलेली, नदीवर पोहलेली. इंदापूरच्या त्या उघड्या माळावर तिचा जीव रमत नसे, आणि त्या साली चैत्रातच तिला हिवताप झाला. कालव्याच्या काठानं ते दुखणं घरोघर असे. मोहनरावांनी बारामतीहून क्विनीनच्या गोळ्या आणल्या, ताप उतरला, पण अंगात बळ उरलं नाही. बाजूच्या दोन्ही खोल्यांवर पत्रा होता, दुपारी त्यांत पाय ठेववत नसे. हॉल तेवढा गार. म्हणून तिनं आपली खाट हॉलमध्ये ओढून घेतली, अगदी त्या तसबिरीखाली.

"इथं बरं वाटतं हो," ती म्हणाली. "वारा लागतो."

"वारा कुठला? खिडकी तर समोरच्या भिंतीला आहे."

"लागतो खरा."

मोहनराव हसले. आजारातून उठलेल्या माणसाला काहीही बरं वाटतं, आणि बरं वाटतंय तर वाटू द्यावं, असा त्यांचा विचार.

तिथं येऊन महिना झाला असेल. एके सकाळी मोरीवरून परत येऊन ते हॉलमध्ये चहा पीत बसले होते. कालव्याला पाणी सोडायची पाळी संपत आली होती, पाणी रोज उतरत होतं. त्याच विचारात त्यांची नजर वर गेली आणि तशीच थांबली.

पहिल्या खुंटाचं बूड दिसत नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला, उठून जवळ गेले. पाणी पहिल्या खुंटाला वेढून अलीकडं आलं होतं. खुंटाच्या भोवती फेसाची बारीक कडी होती. रंग जुना, भेगाळलेला, जसा बाकीच्या चित्राचा तसाच. कोणी ताजा कुंचला मारला म्हणावं तर तसंही नव्हतं. मोहनरावांनी बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत कोरडा.

म्हणजे पहिल्या दिवशी आपलंच चुकलं, त्यांनी स्वतःला सांगितलं. संध्याकाळचा उजेड होता, नीट पाहिलं नसेल.

पण अकरा वर्षांत पाण्याच्या बाबतीत आपली नजर कधी चुकल्याचं त्यांना आठवेना.

३

कुंडलिक हॉल झाडायला आला तेव्हा मोहनरावांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, या तसबिरीची कधी डागडुजी केली होती का?"

"न्हाय बा," कुंडलिक म्हणाला. "तिला कोन हात लावतंय? मी फकस्त खालची फरशी पुसतो."

"फरशी का?"

"गळती न्हवं का ती." त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मोहनरावांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "घमेलं ठिवतो कवा कवा. औंदा वैनीबाईंची खाट हाय म्हनून न्हाय ठिवलं."

"भिंतीला ओल आली असेल. पावसाळ्यात कौलातून उतरत असेल पाणी."

कुंडलिकानं मान हलवली. "पावसाळ्यात न्हाय गळत, रावसायेब. उन्हाळ्यातच."

मोहनरावांनी खाट सरकवून पाहिलं. चौकटीच्या खालच्या कडेला, बरोबर मध्यावर, एक थेंब धरला होता. त्यांच्यादेखत तो जड झाला आणि सुटला. त्यांनी तळवा पुढं केला. थेंब हातावर पडला आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बाहेर वैशाखाचं ऊन तापत होतं, भिंतीसुद्धा कोमट लागत होत्या, आणि तो थेंब गारेसारखा होता. त्यांनी बोट जिभेला लावलं. पाणीच होतं, दगडाची चव असलेलं.

दोघांनी मिळून चौकट भिंतीपासून वीतभर पुढं ओढली. मागची भिंत कोरडी ठणठणीत होती. चुन्याची भुकटी उडाली आणि एक पाल घाबरून वर पळाली. कॅनव्हासची पाठही कोरडी. तिच्यावर कित्येक वर्षांची धूळ जशीच्या तशी होती.

"कुंडलिक, तुला याचं काही वाटत नाही?"

कुंडलिकानं फडकं पिळून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "आमी दुपारचं हितं येत न्हाय, सायेब. बाकी काय वाटायचं?"

४

मोहनराव शिकलेले गृहस्थ होते. पुण्याला त्यांनी मोजणीचं शास्त्र शिकून घेतलं होतं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती मोजावी, म्हणजे ती निम्मी होते, हा त्यांचा अनुभव. त्यांनी पितळी फुटपट्टी घेतली आणि चौकटीच्या खालच्या कडेपासून चित्रातल्या पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर पहिल्या खुंटापाशी मोजलं. पावणेदोन इंच भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीड.

तिसऱ्या दिवशी सव्वा.

रोज दोन सुतं, म्हणजे पाव इंच. पाणी रोज दोन सुतं अलीकडं येत होतं. मोहनराव फुटपट्टी हातात धरून उभे राहिले. मोजल्यानं भीती निम्मी झाली नव्हती. उलट तिला आता तारीख मिळाली होती. आठव्या दिवशी पाणी चौकटीच्या कडेला लागणार. आणि मग?

तो विचार त्यांनी पुरा केला नाही. चित्र होतं ते. कॅनव्हास उन्हाळ्यात ताणतो, रंग सरकतो, काहीतरी कारण असणार.

मंदाकिनी खाटेवरून पाहत होती. भर वैशाखात तिनं खांद्यावर शाल घेतली होती.

"काय मोजताय?"

"काही नाही. ताप आहे का तुला?"

"ताप नाही. थंडी वाजते नुसती." तिनं हात पुढं केला. मोहनरावांनी तो हातात घेतला. तळवा गार होता आणि बोटांची टोकं सुरकुतलेली होती, फार वेळ धुणं धुणाऱ्या बाईची असतात तशी.

"मंदा, तू धुणं धुतलंस का? ठमाबाईला सांगितलंय ना मी?"

"मी कुठं धुतलं? झोपले होते नुसती." मग ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्हांला ऐकू येत नाही का? लाटा येतात. आधी लांब यायच्या, आता इथं उशाशी येतात."

"हिवताप पुन्हा उलटला की कानात असे आवाज येतात. क्विनीननंही येतात," मोहनराव म्हणाले. हे खरंच होतं. डॉक्टरनं त्यांना तसं सांगितलं होतं, आणि त्या खरेपणाचा त्यांना मोठा आधार वाटला.

त्याच दिवशी त्यांनी तिची खाट व्हरांड्यात हलवली.

५

चौथ्या दिवशी त्यांनी तसबीर उतरवायचं ठरवलं. सरकारी वस्तू होती, पुढल्या पंधरवड्यात मोठे साहेब येणार होते, पण चार दिवस कोठीत ठेवली तर कोण विचारतो? कुंडलिक एका बाजूला, मोहनराव दुसऱ्या बाजूला. तीन दिवसांपूर्वी जी चौकट दोघांनी सहज पुढं ओढली होती, ती आता जागची हलेना. कुंडलिकाचे दंड थरथरायला लागले.

"सायेब, ही लई जड झाली," तो धापा टाकत म्हणाला. "पखालीवानी. पान्यानं भरल्या पखालीवानी."

त्यांनी नाद सोडला. मोहनरावांनी मग एक जाड चादर मागवली आणि तसबिरीवर टाकून वर खिळ्यांना बांधून टाकली. दिसत नाही ते नाही, एवढ्यावरच आता त्यांना समाधान मानायचं होतं. हॉलचं दार लोटून ते कामाला गेले.

दुपारी घरी आले तेव्हा दार किलकिलं होतं. त्यांनी आत डोकावलं. चादर भिंतीपासून फुगून पुढं आली होती. शिडासारखी. एक झुळूक यावी तशी ती थोडी खाली बसे आणि पुन्हा फुगे. खिडक्या बंद होत्या. व्हरांड्याबाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं.

मोहनराव उंबऱ्यावर उभे राहिले. आत जाऊन चादरीचं टोक धरून ओढायचं, बस्स. एवढंसं काम. पण चादर पाहता पाहता खालून भिजत आली, ओल वर चढू लागली, आणि भिजलेल्या कापडाला आतून काहीतरी टेकल्याचा आकार उमटला. लहान, वाटोळा. गुडघा असेल, खांदा असेल, कपाळ असेल. तो आकार चादरीवरून एका कडेकडून दुसरीकडं सरकत गेला, अंधारात दार चाचपडत जावं तसा. मग नाहीसा झाला.

मोहनरावांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. व्हरांड्यात मंदाकिनी शाल पांघरून स्वस्थ झोपली होती. त्यांनी तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

संध्याकाळी त्यांनी लासुर्ण्यात माणूस पाठवून बैलगाडी सांगितली. गाडीवानाची ऊस ओढायची कामं होती. तो सोमवारी सकाळी येतो म्हणाला. मोहनरावांनी हिशोब केला. सोमवार म्हणजे सातवा दिवस. एक दिवस हाताशी राहतो. बारामतीला त्यांच्या ओळखीचे एक वकील होते, त्यांच्याकडं मंदाकिनीला पोचवायचं आणि मग पुढचं पाहायचं.

एवढी वर्षं कालव्यावर काढलेल्या माणसानं असा हिशोब करायला नको होता. पूर काही रोज मोजून दोन सुतं चढत नाही. नदीकाठच्या बायाबापड्यांनाही हे कळतं, आणि मोहनरावांना तर ते शिकवलेलं होतं.

६

रविवारी, सहाव्या दिवशी, कालव्याची पाळी संपली आणि पाट बंद झाला. मोरीपाशी गाळ काढायला माणसं लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलाला उन्हानं भेगा पडायला लागल्या होत्या, आणि पट्टीवर पाणी शून्याच्याही खाली होतं. मोहनराव छत्री घेऊन काठावर उभे होते. लांबून वालचंदनगरच्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

काठाच्या वाटेनं कोणीतरी पळत येताना दिसलं. ठमाबाई होती. तापलेल्या फुफाट्यात अनवाणी पळत होती.

"रावसायेब, चला! वैनीबाई आत गेल्यात!"

"आत कुठं?"

"हालात. मी भाकरी थापत हुते. येऊन बघती तर खाट रिकामी. कडी काढून आत गेल्यात नि दार लोटलंय. हाका मारल्या, ओ न्हाय. ह्यांनी दार ढकललं तर उघडंना." तिनं दम घेतला. "दाराखालनं गार वारं येतंय, सायेब. माज्या पायाला लागलं."

मोहनरावांनी छत्री टाकली. सायकल कुठं ठेवली होती ते त्यांना आठवेना; ते पळतच सुटले.

कुंडलिक दाराला खांदा लावून उभा होता. दोघांनी जोर केला. दार सरकलं, पण ज्या दाराला नुसतं बोट लावलं तरी उघडायचं, ते इंचाइंचानं सरकलं. अंग शिरेल एवढी फट पडली तसे मोहनराव थांबले.

हॉल कोरडा होता. फरशी कोरडी, भिंती कोरड्या. खिडकीच्या काचांतून येणारं ऊन हिरवट दिसत होतं, आणि त्यात धुळीचे कण जागच्या जागी थांबले होते. टेबलावर दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र होतं. म्हणजे टेबलावर नव्हतं. टेबलापासून हातभर वर उघडं होऊन ते सावकाश फिरत होतं, आणि त्याची पानं एकमेकांपासून अलगद सुटत होती.

चादर जमिनीवर गळून पडली होती. तसबिरीत डोंगर नव्हते. बर्फ, ढग, झाडं, काही नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत नुसता काळा-हिरवा रंग, आणि वरच्या अंगाला, फार फार उंचावर, फिकट उजेडाचा एक डाग.

मंदाकिनी तसबिरीसमोर होती. तिचे पाय फरशीला लागत नव्हते. केस सुटून डोक्याभोवती पसरले होते, वर, आडवे, आणि डुलत होते. पदर खांद्यावरून उठून तिच्या मागं तरंगत होता. डोळे उघडे होते. तिच्या ओठांतून एक बुडबुडा निघाला आणि छताकडं गेला.

"मंदा!"

त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. ते आत शिरले होते. कानांत दडे बसले, थंडीनं छातीच्या फासळ्या आवळल्या, धोतराचा सोगा वर उचलला गेला. त्यांनी श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि आत काही आलं नाही. वाईच्या नदीवर मंदाकिनीनंच एकदा त्यांना बुडी मारायला शिकवलं होतं. तसं त्यांनी तोंड मिटून घेतलं, चार पावलं पाय ओढत टाकली आणि तिचं मनगट धरलं.

पहिल्यांदा ती हलकी वाटली. मग दाराकडं ओढताना जड झाली. तिच्या वजनाहून जड. मोहनरावांनी दोन्ही हातांनी ओढलं, आणि तेवढ्यात त्यांच्या उजव्या मनगटावर आणखी एक हात पडला.

लहानसा हात. बर्फासारखा. कोणाचा ते त्यांना दिसलं नाही; मंदाकिनीच्या पसरलेल्या केसांमागून तो आला होता. त्यानं नख लावलं नाही, मागं खेचलं नाही. नुसतं मनगट घट्ट धरून ठेवलं. मोहनरावांच्या डोळ्यांपुढं काळोख यायला लागला होता. त्यांनी तो हात झटकला. तो पुन्हा आला, चाचपडत, बोटाबोटानं मनगट शोधत. त्यांनी दुसऱ्यांदा झटकला, सगळा जीव एकवटून, आणि मंदाकिनीसकट पाठीवर कोसळले ते व्हरांड्याच्या तापलेल्या फरशीवर.

कुंडलिकानं दार ओढून घेतलं.

ठमाबाईनं मंदाकिनीला पालथं घातलं आणि पाठीवर दाब दिला. तिच्या तोंडातून पाणी आलं, तांब्याभर, मग आणखी तांब्याभर. ठमाबाईनं त्यात बोट घातलं आणि काढून घेतलं.

"ह्ये पानी कुठलं, रावसायेब?" ती म्हणाली. "पाट तर बंद हाय."

फरशी एवढी तापली होती की बघता बघता ते पाणी उडून गेलं. मंदाकिनी खोकली. मग तिला रडू फुटलं.

७

गाडीची वाट न पाहता ते त्याच दुपारी निघाले. वालचंदनगरहून आलेल्या एका मोटारवाल्यानं त्यांना बारामतीपर्यंत घेतलं. डॉक्टरनं मंदाकिनीची छाती तपासली आणि विचारलं, "विहिरीत पडल्या होत्या का?" मोहनराव म्हणाले, "हो." दुसरं काय सांगणार?

दोन महिने तिची छाती भरलेली होती. श्रावणात ती हिंडूफिरू लागली. मोहनरावांनी अर्ज करून बदली मागून घेतली. त्यांना बारामतीच्या कचेरीत टेबलाचं काम मिळालं. फार तर सायकलवरून पिंपळीपर्यंतच्या चाऱ्या पाहून यायचं. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नसे. मोहनरावांना ते बरंच वाटे. बायको वाचली होती. तिला आपण ओढून काढलं होतं. यापलीकडं त्यांना काही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मार्गशीर्षात एका सकाळी दोघं अंगणात उन्हाला बसून हरभरा सोलत होती. मंदाकिनी मध्येच थांबली.

"तुम्हांला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही एकट्यानं नाही काढलंत मला."

मोहनरावांचे हात थांबले.

"तुम्ही वरून ओढत होतात ना, तेव्हा खालून मला कोणीतरी ढकलत होतं. कमरेला खांदा लावून. लहान मुलगी असेल नाहीतर एखादी किरकोळ बाई, मला दिसली नाही. पण तिचं रडणं ऐकू येत होतं. आणि ढकलता ढकलता ती एकच म्हणत होती." मंदाकिनीनं डोळे पुसले. "भाषा कुठली कोण जाणे. मला एक शब्द कळला नाही. पण अर्थ कळला हो. मलाही घ्या, म्हणत होती. तिला वाटलं, तुम्ही आम्हां दोघींना न्यायला आलात."

मोहनरावांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"तुम्हांला दिसली का ती?"

"नाही," मोहनराव म्हणाले. ते खरंच होतं. तरी त्या दिवसापासून त्यांना रात्रीची झोप लागेनाशी झाली.

८

पुढल्या वैशाखात ते लासुर्ण्याला गेले. मंदाकिनीला त्यांनी कालव्याच्या तपासणीचं कारण सांगितलं. आपण काय करायला चाललोय ते त्यांनी स्वतःशीही धड ठरवलेलं नव्हतं. मनात एवढंच होतं की दारातून हात पुढं करायचा. आत पाऊल टाकायचं नाही, नुसता हात पुढं करायचा आणि थांबायचं.

कुंडलिकानं त्यांना ओळखलं, रामराम घातला. "गळतंय का अजून?" मोहनरावांनी विचारलं.

"व्हय. घमेलं सकाळी ठिवलं की दोपारी भरतंय औंदा." कुंडलिकानं किल्ली काढली, पण दिली नाही. "कशाला जाता, सायेब? वैनीबाई बऱ्या हायती न्हवं?"

"दे इकडं."

त्यांनी स्वतः कुलूप काढलं, दार हातभर उघडलं आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बाराचा सुमार होता. आत हिरवट ऊन होतं. खाट उचलून नेलेली होती. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. तसबिरीकडं त्यांनी पाहिलं नाही. उजव्या हाताची बाही वर सारली आणि हात आत घातला.

कोपरापर्यंत हात थंडीत गेला. ते थांबले. एक क्षण, दोन क्षण. आतून पाण्याचा काही आवाज नव्हता. मग हवेतच, वीतभर अंतरावर, काहीतरी हलल्याचा ओघ त्यांच्या बोटांना लागला. पाण्यात शेजारून कोणी गेलं की लागतो तसा. आणि त्यांच्या करंगळीला दुसरं एक बोट लागलं. अगदी हलकेच. धरू का, असं विचारल्यासारखं.

मोहनराव किंचाळले. आपण किंचाळलो हे त्यांना मागाहून कळलं. हात त्यांनी केव्हाच काढून घेतला होता, दार ओढलं होतं, आणि त्याला पाठ लावून ते उभे होते.

"सायेब!" कुंडलिक धावत आला.

"काही नाही. काही नाही. कुलूप दे."

कडी घालून ते क्षणभर वाकून राहिले, डावा तळवा दाराच्या फळीवर टेकून. उन्हानं फळी तापलेली होती. मग त्यांच्या तळव्याखालचं लाकूड गार पडायला लागलं. आधी मधोमध, मग एकेका बोटाखाली, पाचही बोटांखाली. पलीकडचा तळवा त्यांच्या तळव्यापेक्षा लहान होता. तो ढकलत नव्हता, ठोठावत नव्हता. नुसता टेकलेला होता.

"सायेब, व्हा बाजूला, मी लावतो," कुंडलिक म्हणाला.

"नको," मोहनराव म्हणाले, आणि त्यांनीच किल्ली फिरवली.